चार्जिंग पोर्ट सैल झालाय? आधी नेमकं काय सैल आहे ते बघा

"वायर जरा वाकडी धरली की होतो चार्ज." दुरुस्तीच्या काउंटरवर याच्याइतकं दुसरं कुठलंच वाक्य ऐकू येत नाही. त्याच्या मागोमाग येणारं वाक्यही ठरलेलं: "पोर्ट बदलून टाका." इंदूरात मोबाइल दुरुस्त करताना हा एकच बिघाड इतक्यांदा हातातून गेलाय की आता मी पोर्टाकडे सगळ्यात शेवटी बघतो. सैल झालेली वस्तू बरेचदा पोर्ट नसतेच. आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी असला प्रकार होतो आणि चांगला पोर्ट उगाच उपटला जातो.

बोलण्याच्या सोयीसाठी एक ठरवू. फोनातल्या भोकाला पोर्ट म्हणू आणि केबलच्या धातूच्या टोकाला पिन. दुकानात दोन्हीला पिन म्हणतात आणि अर्धा गोंधळ तिथेच होतो.

लक्षणं

पिन पूर्ण आत जात नाही. धातूचा मिलिमीटरभर भाग बाहेर दिसत राहतो आणि फोन उचलला की केबल गळून पडते. पोर्टात कचरा साठलाय.

पिन तळापर्यंत जाते, पण 'टक्' असं बसल्याचं जाणवत नाही. एका केबलनं असं होतं, दुसरीनं नाही. केबल झिजलीय.

टाइप-सी पिन एका बाजूनं घातली तर चार्ज होतो, उलटी करून घातली तर होत नाही. पोर्टातली एखादी पट्टी (पिनेशी संपर्क करणारा धातूचा बारीक भाग) घाण झालीय, गंजलीय किंवा तुटलीय.

चार्जिंग चालू-बंद होत राहतं, रात्री उशाशी ठेवलेल्या फोनची स्क्रीन सारखी उजळते, सकाळी बघावं तर बॅटरी तेवढीच. हे वरच्या तिन्हींपैकी कशानंही होतं, त्यामुळे एवढ्यावरून निदान करू नका.

चार्ज होतो, पण रांगत. 'फास्ट चार्जिंग' असं लिहून येत नाही. लॅपटॉपला जोडला तर फोन दिसतच नाही. वीज नेणाऱ्या पट्ट्या शाबूत आहेत, माहिती नेणाऱ्या पट्ट्यांचा संपर्क तुटलाय.

पिन आत असताना अगदी हलक्या हातानं वर-खाली केली तर पोर्टाची धातूची कड फोनच्या चौकटीत हलताना दिसते. हा खरोखरचा सैल पोर्ट. वाकडी धरून चार्ज होणाऱ्या फोनांत असा फोन तुलनेनं कमीच असतो.

पोर्टापाशी बोट ठेववत नाही इतका ताप, करपल्याचा वास, पिनेचं प्लास्टिक पिवळं-काळं पडलेलं. असं असेल तर पुढचं काही करू नका, केबल काढा आणि सरळ 'कुठे थांबायचं' या भागाकडे जा.

सगळ्यात आधी वाकडं धरणं बंद करा

केबलवर पुस्तक ठेवणं, रबरबँडनं पिन ताणून बांधणं, फोन उशीला टेकवून 'जमलं की हात लावू नका' असं घरात सगळ्यांना बजावणं, हे सगळे उपाय मी पाहिलेत. यांनी शंभर रुपयांचा बिघाड हजाराकडे जातो. कारण साधं आहे. संपर्क अर्धवट असला की त्या जागी विजेला अडथळा होतो. समजा ३ अँपिअर प्रवाह चाललाय आणि खराब संपर्काचा अडथळा ०.१ ओहम आहे. प्रवाहाचा वर्ग गुणिले अडथळा, म्हणजे ०.९ वॅट उष्णता त्या टाचणीच्या टोकाएवढ्या जागेत निघते. त्यानं पट्टीवरचा सोन्याचा पातळ मुलामा जातो, आतलं प्लास्टिक मऊ पडतं आणि अडथळा आणखी वाढतो. शिवाय पिन तिरकी दाबली की पोर्टाच्या डाकेवर, म्हणजे त्याला बोर्डाशी जोडणाऱ्या सोल्डरच्या सांध्यावर, तरफ लागते. आधी नुसता कचरा होता, आता डाकही तडकली.

कव्हर काढा

काहीच खर्च नाही, म्हणून हे पहिलं. जाड रबरी कव्हराचं भोक लहान असेल तर जाड मुठीची (पिनेमागचं प्लास्टिक जाड असलेली) केबल तळाशी टेकतच नाही. नवीन कव्हर घेतल्यापासून त्रास सुरू झाला का, एवढं आठवून बघा.

केबल बदलून बघा

ही तपासणी सगळे करतात, पण अर्धवट. घरातली दुसरी केबल लावतात, तीही तितकीच जुनी असते, आणि मग 'दोन्ही केबलनं होत नाही म्हणजे पोर्टच' असा निकाल लागतो. केबल अशी घ्या जी त्याच क्षणी दुसऱ्या फोनवर नीट चालतेय. तुमची केबलही त्या दुसऱ्या फोनात घालून बघा. तिथेही गळून पडत असेल तर प्रश्न मिटला.

केबल इतकी महत्त्वाची का, तर टाइप-सीची रचनाच तशी आहे. पकडून ठेवणाऱ्या स्प्रिंग फोनात नसतात, केबलच्या पिनेच्या आत दोन बाजूंना असतात. फोनातल्या पोर्टाच्या मधोमध एक जीभ असते आणि तिच्या दोन्ही कडांना खाचा. पिनेतल्या स्प्रिंग त्या खाचांना धरतात, ते आपल्याला 'टक्' म्हणून जाणवतं. झिजणारा भाग मुद्दाम स्वस्त वस्तूत ठेवलाय. जुन्या मायक्रो-यूएसबीतही तसंच, पिनेच्या अंगावरचे दोन बारीक दात म्हणजे तिची पकड. ते दबले की केबल ढिली. आयफोनच्या लाइटनिंगमध्ये मात्र उलट आहे. केबलचं टोक सपाट आणि भरीव, स्प्रिंग फोनच्या आत. आयफोन ५ पासून, म्हणजे २०१२ पासून, ते चाललं आणि २०२३ च्या आयफोन १५ पासून टाइप-सी आलं. लाइटनिंगच्या फोनात चांगली केबलही ढिली बसत असेल आणि आत कचरा नसेल, तर पोर्टाच्या स्प्रिंग गेल्या असं मानायला जागा आहे.

टाइप-सी पोर्ट १०,००० वेळा पिन घालण्या-काढण्यासाठी बनवलेला असतो. दिवसातून तीन वेळा लावलात तरी नऊ वर्षं. म्हणून दोन वर्षांच्या फोनाचा पोर्ट 'वापरून झिजला' असं कुणी म्हणालं की मला पटत नाही. तो मार लागून, ओलावा जाऊन किंवा तिरक्या ताणानं बिघडतो. नुसत्या वापरानं क्वचित.

केबलबरोबर अ‍ॅडॉप्टर आणि भिंतीतलं सॉकेटही बदला. सॉकेट ढिलं असून लोक फोन घेऊन येतात, हे सांगायला विचित्र वाटतं पण होतं.

टॉर्च लावून आत बघा

माझ्या अंदाजानं निम्म्याहून जास्त 'सैल पोर्ट' इथे संपतात. टाइप-सी पिनेचा धातूचा भाग साधारण साडेसहा मिलिमीटर लांब असतो आणि तो जवळजवळ सगळा आत जायला हवा. खिशातला, पर्समधला कापूस पोर्टात शिरतो आणि दर वेळी पिन घालताना तोच आणखी आत ठासला जातो. वरून बघितलं तर पोर्ट स्वच्छ दिसतो, कारण तळाशी बसलेला थर पोर्टाच्या काळ्या तळासारखाच दिसतो.

परवा रामबागेतून एक काकू आल्या. "दोन दुकानांत दाखवला रे. दोघंही पोर्ट बदलायचा म्हणाले."

"काकू, फोन ठेवता कुठे?"

"कुठे म्हणजे? पर्समध्ये. किल्ल्या, रुमाल, सगळं असतं त्यातच."

फोन बंद केला, बांबूची टूथपिक ब्लेडनं चपटी तासली आणि पोर्टाच्या डाव्या कोपऱ्यातून तळाशी नेऊन बाहेर ओढली. आधी काहीच नाही. दुसऱ्या ओढीला करड्या रंगाची नमद्यासारखी घट्ट पट्टी निघाली, तिला पोर्टाच्या तळाचा आकार आलेला. तिच्यात मधोमध बारीक शेवेचा तुकडा चिकटलेला होता. इंदूरची पर्स, शेव निघणारच. उजव्या कोपऱ्यातून तेवढीच आणखी. केबल घातली, टक्.

हे घरी करता येतं, फक्त रीत सांभाळा. फोन पूर्ण बंद. टूथपिक लाकडाची किंवा बांबूची, आणि तासलेलीच. पोर्टाचं तोंड अडीच मिलिमीटरच्या आसपास उंच असतं, त्यात मधे जीभ, म्हणजे जिभेच्या वर-खाली जेमतेम मिलिमीटरभर जागा उरते. न तासलेली टूथपिक तिथे शिरत नाही. जोर केला तर जीभ वाकते. जीभ तुटली की पोर्ट संपला. म्हणून काम कोपऱ्यांतून करायचं आणि हालचाल नेहमी आतून बाहेर. जिभेच्या सपाट अंगावर घासायचं नाही, कारण १२ वर आणि १२ खाली अशा २४ पट्ट्या तिथेच आहेत.

सुई, सेफ्टी पिन, सिम काढायची तार यांना हात लावू नका. मुलाम्यावर ओरखडा पडला की खालचा धातू उघडा पडतो आणि पुढच्या पावसाळ्यात तिथेच गंज धरतो. तोंडानं फुंकरही नको, फुंकरीबरोबर वाफ जाते. कॅमेरा साफ करायचा रबरी फुगा असेल तर तो उत्तम.

मायक्रो-यूएसबीत जीभ मधोमध नसून एका अंगाला असते, तेव्हा मोकळी बाजू कुठली ते बघून मगच काडी घाला.

ओलावा

काही फोन स्वतःच सांगतात. पाण्याच्या थेंबाचं चित्र येतं आणि चार्जिंग अडवलं जातं. तो इशारा खोटा समजून जबरदस्तीनं चार्ज करू नका. ओल्या पट्ट्यांवर व्होल्टेज आलं की धातू अक्षरशः विरघळू लागतो, आणि सगळ्यात आधी जाते ती वीज आणणारी पट्टी.

इंदूरात याचा हंगाम दोनदा येतो. एक पावसाळा. दुसरी रंगपंचमी. राजवाड्याच्या गेरीत, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, फोन उंच धरून व्हिडिओ काढायचा, वरून पाण्याच्या तोफा आणि गुलाल, आणि घरी येऊन पहिलं काम काय तर फोन चार्जिंगला. पुढचे दोन-तीन दिवस पोर्टात गुलाबी चिखल वाळलेले फोन येत राहतात. गुलालाच्या फोनाला टूथपिक लावू नका. वाळलेली भुकटी जिभेच्या मुळाशी ठासली जाते. पोर्ट खाली तोंड करून तळहातावर हलकेच आपटा, मग पंख्याच्या वाऱ्यात तासन्‌तास राहू द्या. हेअर ड्रायर नको, त्याची गरम हवा आतली रबरी सील आणि गोंद सैल करते. तांदळाच्या डब्यात पुरणंही नको. ॲपलनंही आपल्या सूचनांत हे करू नका असंच सांगितलंय, कारण तांदळाचे बारीक कण फोनात जाऊ शकतात. आमच्याकडे येणाऱ्या फोनांत कधी कधी पोर्टात अख्खी कणीच अडकलेली असते.

वायरलेस चार्जिंगची सोय असेल तर पोर्ट सुकेपर्यंत ते वापरा. त्यातून एक तपासणीही फुकटात होते: वायरलेसनं नीट चार्ज झाला तर बॅटरी ठीक आहे आणि दोष पोर्टाच्या वाटेवरच आहे.

फोन बंद करून चार्ज करा

रिस्टार्ट करा, मग बंद ठेवून चार्जिंगला लावा. बंद असताना व्यवस्थित आणि चालू असताना रांगत असेल तर एखादं ॲप किंवा तापलेला फोन चार्जिंग मंदावतोय. पोर्टाशी त्याचा संबंध नाही. याहून जास्त वेळ इथे घालवू नका.

मीटर

वरचं सगळं करूनही त्रास असेल तर यूएसबी मीटर घ्या, काहीशे रुपयांत मिळतो. केबलच्या मधे लावला की व्होल्ट आणि अँपिअर दाखवतो. तपासताना बॅटरी वीस ते पन्नास टक्क्यांच्या दरम्यान असू द्या. बॅटरी भरत आली की फोन स्वतःच प्रवाह कमी करतो आणि मग चांगल्या फोनवरही आकडा लहान दिसतो.

आता केबल न दाबता, मूठ चिमटीत धरून केसभर डावीकडे-उजवीकडे करा आणि नजर आकड्यावर ठेवा. आकडा स्थिर राहिला तर पोर्टाची पकड आणि डाक दोन्ही ठीक. झटक्यानं शून्यावर जाऊन परत येत असेल तर कुठेतरी संपर्क सुटतोय. हलवा किंवा नका हलवू, शून्यच राहत असेल तर तो सैलपणाचा दोष नव्हे. पट्टी गेलीय किंवा बोर्डावरचा चार्जिंगचा भाग गेलाय.

मग पिन उलटी करून तेच पुन्हा. टाइप-सीच्या पोर्टात सीसी नावाच्या दोन पट्ट्या असतात, एकेका बाजूला एक. फोन त्या पट्टीवरून ५.१ किलोओहमचा अडथळा दाखवतो, तेव्हा टाइप-सी चार्जरला कळतं की समोर फोन आहे आणि मगच तो वीज सोडतो. एक सीसी पट्टी गंजली की त्या बाजूनं फोन 'दिसतच' नाही. एका बाजूनं चालणारा फोन म्हणूनच लोक महिनोन्‌महिने चालवतात. चालवा, पण मग दुसरी बाजू जाईल तेव्हा आश्चर्य वाटू देऊ नका.

एका बाजूचा दोष असेल तर ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ बारीक ब्रश हा शेवटचा घरगुती उपाय. फोन बंद, ब्रश ओलसर, टपकणारा नव्हे, दोन-चार हात मारा आणि पूर्ण वाळू द्या. सॅनिटायझर चालत नाही, त्यात पाणी आणि चिकट ग्लिसरीन असतं. थिनर, पेट्रोल प्लास्टिक खातात. एका सद्गृहस्थांनी पोर्टात खोबरेल तेल सोडलं होतं, 'गंज सुटावा म्हणून'. तेल वीज वाहून नेत नाही आणि धूळ मात्र धरून ठेवतं.

फोन उघडण्याआधी

इथून पुढे प्रत्येकानं जायचं नाही. वॉरंटी असेल तर उघडू नका. मागची बाजू काचेची आणि गोंदानं चिकटवलेली असेल तर उघडू नका. काच तडकते, आणि उघडली तरी पाणीरोधक सील पुन्हा तशी बसत नाही. फोनातले फोटो दुसरीकडे उतरवलेले नसतील तर आधी ते करा.

बऱ्याचशा अँड्रॉइड फोनांत पोर्ट मुख्य बोर्डावर नसतो. खालच्या बाजूला वेगळा लहान सब-बोर्ड असतो, त्यावर पोर्ट, माइक आणि अँटेनाच्या वायरीचं टोक. हा मोठा दिलासा आहे. सब-बोर्ड काहीशे रुपयांत मिळतो आणि स्क्रू काढून बदलता येतो, डाक द्यायची गरजच नाही. काही फोनांत पोर्ट थेट मुख्य बोर्डावर असतो. आपल्या फोनात काय आहे ते आधी शोधा. मुख्य बोर्डावर असेल तर घरचं काम नाही.

उघडलात तर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर प्लास्टिकच्या चमच्यानं सोडवणं. स्क्रू काढाल ते कागदावर फोनचा आराखडा काढून त्या त्या जागी ठेवा. सगळे स्क्रू सारख्या लांबीचे नसतात आणि लांब स्क्रू आखूड भोकात गेला की बोर्डाच्या आतले थर फोडतो. तो फोन मग चार्जिंगपुरता बिघडलेला राहत नाही.

आत बघायचं ते असं. पोर्टावर दाबून बसणारी धातूची पट्टी आहे का, तिचे स्क्रू आहेत का? आधी कुणी उघडलेला फोन असेल तर एखादा स्क्रू किंवा ती पट्टीच गायब असते, आणि सैलपणाचं सगळं कारण तेवढंच निघतं. मग सब-बोर्डाकडून मुख्य बोर्डाकडे जाणारी फ्लेक्स पट्टी, म्हणजे चपटी लवचिक वायर: काढून पुन्हा दाबून बसवा. पडलेल्या फोनांत हा कनेक्टर अर्धा निसटलेला सापडतो.

त्यानंतर भिंग घेऊन पोर्टाचे पाय बघा. पोर्टाच्या धातूच्या खोक्याला सहसा चार पाय असतात, ते बोर्डाच्या भोकांतून जाऊन डाकलेले असतात. केबलचा सगळा ताण या पायांनी घ्यायचा असतो. मागच्या बारीक पट्ट्यांचं काम फक्त वीज आणि माहिती नेणं. पायाभोवती केसाएवढी काळी गोल रेघ दिसली तर डाक तडकलीय. आता ताण थेट बारीक पट्ट्यांवर जातोय, आणि त्या बोर्डावरून तांबं सोलून वर येतात. तांबं सोलायच्या आत पकडलं तर दुरुस्ती सोपी आहे.

पक्कं करणं

माझं मत स्पष्ट आहे: सब-बोर्ड मिळत असेल तर तो बदला, जुन्याला मलमपट्टी करू नका. डाक तेव्हाच द्या जेव्हा फोन जुना आहे आणि त्याचा बोर्ड बाजारात नाही.

डाक देणारा हात सरावाचा हवा. आधी एखाद्या भंगार बोर्डावर हात बसवा. सब-बोर्ड फोनातून काढून घ्या, माइकच्या भोकावर उष्णता सहन करणारी कॅप्टॉन टेप लावा. माइकच्या भोकात फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात तो लेप) गेला की समोरच्याला तुमचा आवाज विहिरीतून येतो. पायांवर थोडासाच फ्लक्स, जास्त झाला की तो उष्णतेनं पोर्टाच्या आत ओढला जातो. कारखान्यातलं सोल्डर शिसंविरहित असतं आणि २१७ अंशांच्या पुढे वितळतं. त्यात ६३-३७ चं (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) शिसंवालं सोल्डर मिसळलं, जे १८३ अंशांना वितळतं, की काम कमी उष्णतेत होतं. सोल्डरिंग आयर्न ३५० अंशांच्या आसपास, रुंद टोकाचं. एका वेळी एकच पाय, दोन-तीन सेकंद, मग थांबा. चारी पाय एकदम तापवले तर पोर्ट तिरका बसतो आणि आतली प्लास्टिकची जीभ मऊ पडते. सोल्डर भोकातून आरपार गेलेलं दिसलं पाहिजे, नुसता वर गोळा बसला तर त्याला जोर नाही. खिडकी उघडी ठेवा, काम झाल्यावर हात साबणानं धुवा.

गोंदाबद्दल लोक फार विचारतात. झटपट चिकटणारा पातळ गोंद पोर्टाजवळ आणूही नका. तो फटीतून आत धावतो, पट्ट्यांवर पसरतो आणि त्याच्या वाफेनं पांढरा थर बसतो. तो काढण्यापेक्षा नवीन पोर्ट सोपा. वापरायचाच तर दोन नळ्यांचा, सावकाश सुकणारा इपॉक्सी, आणि तोही डाक झाल्यावर, जागा अल्कोहोलनं पुसून. टूथपिकच्या टोकावर मावेल एवढा, पोर्टाच्या खोक्याच्या दोन्ही बाजूंना बोर्डाशी जिथे कोन होतो तिथे. तोंडाकडे नाही, स्क्रूच्या भोकाजवळ नाही. चोवीस तास हात लावायचा नाही. तडकलेल्या डाकेवर वरून इपॉक्सी लावला तर पोर्ट हलणं थांबेल, चार्जिंग तसंच अडखळत राहील, आणि पुढच्या कारागिराला पोर्ट काढताना बोर्डाचं तांबंही सोलावं लागेल.

कुठे थांबायचं

करपल्याचा वास किंवा वितळलेलं प्लास्टिक दिसलं की थांबा. बॅटरी फुगलीय, मागचं झाकण वर आलंय किंवा स्क्रीन एका कडेनं उचललीय, तर फोन बंद करून, चार्ज न करता, न दाबता कारागिराकडे न्या. 'सैल पोर्ट' म्हणून आलेल्या काही फोनांत फुगलेल्या बॅटरीनंच सब-बोर्ड ढकललेला असतो. जीभ वाकलीय किंवा तुटलीय, दोन पट्ट्या एकमेकींना चिकटल्यात, बोर्डावरचं तांबं उचललंय, मीटरवर हलवल्याशिवायही शून्य आहे, पोर्ट मुख्य बोर्डावर आहे: या सगळ्यांत घरी हात घालू नका. आतली निळी-हिरवी बुरशी, म्हणजे तांब्याचा गंज, पोर्टाच्या पुढे बोर्डावर पसरलेली दिसली तरी तेच.

जेल रोडच्या मोबाइल बाजारात पोर्ट बदलणारे ढिगानं आहेत. स्वस्त कोण ते विचारण्याआधी दोन गोष्टी विचारा. सब-बोर्ड ओरिजिनल की कॉपी? कॉपीवर बरेचदा फास्ट चार्जिंगचे भाग नसतात. फोन चार्ज होतो, पण रात्रभर. आणि नुसता पोर्ट बदलणार की अख्खा सब-बोर्ड? नुसता पोर्ट बदलणं हॉट एअरचं, म्हणजे गरम हवेनं डाक वितळवणाऱ्या यंत्राचं, काम आहे, ते समोर करून दाखवायला कारागीर तयार असेल तर चांगलंच. पासवर्ड मागितला तर देण्याची गरज नसते. सॅमसंगच्या बऱ्याच फोनांत यासाठी तुमचे फोटो-मेसेज झाकून ठेवणारा मेंटेनन्स मोड आहे, तो चालू करून द्या. जुना बोर्ड परत मागून घ्या.

पैसे देण्याआधी काउंटरवरच पिन दोन्ही बाजूंनी घालून बघा, 'फास्ट चार्जिंग' लिहून येतं का बघा, पेन ड्राइव्ह किंवा लॅपटॉप जोडून बघा. नेटवर्कच्या दांड्या आधी होत्या तेवढ्या आहेत ना ते बघा, अँटेनाची वायर नीट न बसवल्यास त्या कमी होतात. आणि तिथूनच घरी एक फोन लावा, स्पीकरवर नाही, कानाला लावून. माइक त्याच बोर्डावर असतो, आणि 'हॅलो, हॅलो' करत दुसऱ्या दिवशी परत येणाऱ्यांचा तोच प्रश्न असतो.